वाण आणि हिशेब

(ग्रामपंचायतींच्या महिला सदस्या आणि गावोगावच्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र मेळाव्यात संक्रांतीच्या तोंडावर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज या सतरंजीवर दोन प्रकारच्या बायका बसल्या आहेत. काही निवडून आलेल्या आणि बाकीच्या त्यांना निवडून देणाऱ्या. एरवी आपण यांची शिबिरं वेगवेगळी घेतो. सदस्यांना कायदा सांगतो, मंडळातल्या बायकांना हक्क सांगतो. या वेळी मुद्दाम एकत्र बोलावलं. आता जो सणाचा हंगाम सुरू होतोय, त्यात तुमची गाठ एकमेकींशीच पडणार आहे. त्या गाठीभेटीत काय देवाणघेवाण व्हावी, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

निवडून आलेल्या बाईचं वर्ष कसं जातं बघा. श्रावणात मंगळागौरीला बोलावणं. भाद्रपदात गणपती मंडळांची वर्गणी आणि आरतीचा मान. नवरात्रात देवीची ओटी. दिवाळीत फराळ आणि शुभेच्छांचा फलक, ज्यावर तिचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि बाजूला नवऱ्याचा, दिराचा आणि तालुक्याच्या साहेबांचा फोटो हातभर मोठा. मग येते संक्रांत. संक्रांत ते रथसप्तमी हा तर तिचा खास हंगाम. हळदीकुंकू घालायचं, वाण लुटायचं, जमलं तर पैठणीचा खेळ ठेवायचा. पुरुष सदस्याला कोणी विचारत नाही की यंदा वाण काय दिलंस. बाई सदस्याला मात्र डिसेंबरपासूनच विचारतात, "ताई, यंदा काय, डबे की वाट्या?"

आपल्या चळवळीतल्या काही जणी यावर नाक मुरडतात. हळदीकुंकू म्हणजे सौभाग्याचं प्रदर्शन, त्यात आपण कशाला जायचं, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलेनच. पण दुसरी बाजूही बघायला हवी. गावातल्या कितीतरी सुनांना संध्याकाळी घराबाहेर पडायला सासू कशासाठी परवानगी देते? ग्रामसभेसाठी देत नाही, शिबिरासाठी तर मुळीच देत नाही. हळदीकुंकवाला मात्र स्वतःच सांगते, "जाऊन ये गं, आपल्या घरचं कोणीतरी गेलं पाहिजे." वर्षातून बायका एवढ्या संख्येनं, न विचारता, नटूनथटून, मोकळ्या मनानं एकत्र येतात ते याच दिवसांत. ज्या लोकप्रतिनिधीला आपल्या मतदार बायकांना भेटायचं आहे, तिला ही संधी सोडून चालणार नाही. म्हणून मी सण सोडा असं म्हणायला आलेले नाही. सणात फक्त वाण देऊन घरी जाऊ नका, असं म्हणायला आले आहे.

इथवर आपण कशा आलो, तेही जरा आठवू. पुणे जिल्ह्यातल्या निंबूत गावात १९६३ साली सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती. तेव्हा आरक्षण नव्हतं. १९८९ च्या निवडणुकीत शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं जोर लावला आणि जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा गावांत बायकांची पॅनेलं निवडून आली. लोक तेव्हा एकच विचारत होते, बाई पंचायतीत गेली तर भाकरी कोण करणार? १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एकतृतीयांश जागा आल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आता भाकरीचा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. भाकरी तीच करते आणि पंचायतीतही तीच जाते.

पण जागा मिळाली म्हणजे जागेचं काम मिळालं असं होत नाही. सत्ता आपल्या हातात येऊ न देण्याचे बरेच मार्ग गावाला ठाऊक आहेत. नवरा खुर्चीवर बसतो, हा एक मार्ग. त्याच्याबद्दल आपण खूप बोललो आहोत. दुसरा मार्ग जास्त गोड आहे. बाईला खुर्चीवर बसवायचं, हार घालायचा, हळदीकुंकवाची यजमानीण करायची, शाळेतल्या रांगोळी स्पर्धेची परीक्षक करायचं, आणि पाणी, रस्ता, गटार, निविदा हे सगळं पुरुषांनी बघायचं. तिचं नाव सगळ्या समारंभांत, आणि एकाही निर्णयात नाही. वर लोक म्हणतात, "आमच्या ताई फार मिसळणाऱ्या आहेत हो!"

आता वाणाचा हिशेब मांडून बघू. समजा तुमच्या प्रभागात तीनशे बायका येणार. चाळीस रुपयांचा डबा धरला तर झाले बारा हजार. वर मांडव, लाउडस्पीकर, तिळगूळ, चहा, फलक. वीस हजारांच्या आत भागत नाही. हे पैसे कुठून आणायचे? मासिक सभेचा भत्ता किती तुटपुंजा असतो ते तुम्हीच सांगाल. मग एक तर घरातली दुभती म्हैस नाहीतर गळ्यातलं काहीतरी जातं, नाहीतर कोणीतरी म्हणतो, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका, वाणाचं मी बघतो." हा कोणीतरी बहुधा गावातली कामं घेणारा ठेकेदार असतो. त्याचं बिल संक्रांतीला येत नाही. ते येतं मे महिन्यात, गटाराचं काम तपासायची वेळ येते तेव्हा. सिमेंट कमी आहे हे तुम्हाला दिसत असतं, पण डबे त्यानं दिलेले असतात. मग तोंड उघडणार कसं? चाळीस रुपयांच्या डब्यात तीनशे बायकांच्या गल्लीतलं गटार गेलं.

घेणाऱ्या बाजूनंही बघू. आपण वाण घेतो तेव्हा नकळत एक नातं मान्य करतो. तिनं दिलं, आपण घेतलं. देणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. दिवाळीत हेच नातं भावाच्या नावानं येतं. पुढारी साडी वाटतो आणि म्हणतो, मी तुमचा भाऊ. भावाकडे बहीण हिशेब मागत नाही. मागितला तर माहेर तुटतं.

आणि हे फक्त गावात होतं असं नाही. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल मिळालं. नाव होतं आनंदाचा शिधा. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये सुरू झाले. त्या वर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते दिवाळीआधीच एकत्र जमा झाले, आणि त्याला भाऊबीजेची ओवाळणी म्हटलं गेलं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. मी या पैशांना नावं ठेवणार नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून कधी रुपया आला नाही, तिला दीड हजारांचं मोल काय आहे ते मला कळतं. मुलांची फी, स्वतःचं औषध, कधी नवऱ्याला न विचारता घेतलेला एसटीचा पास. माझा आक्षेप नावाला आहे. तो पैसा सरकारच्या तिजोरीतला आहे. तुम्ही काडेपेटीवर, साबणावर, चपलेवर जो कर भरता त्यातला आहे. त्याला ओवाळणी म्हटलं की आपण नागरिक राहत नाही, बहिणी होतो. आणि बहिणीचं नाव यादीतून कमी झालं तर ती रडते. नागरिक बाईचं नाव कमी झालं तर ती तहसील कार्यालयात जाऊन कारण लेखी मागते.

आता हळदीकुंकवात काय खटकतं, त्याबद्दल. त्या संध्याकाळी जाजमावर कोण बसलेलं असतं? सवाष्णी. विधवा बाई दारात उभी राहते, नाहीतर स्वयंपाकघरात चहा गाळत असते. टाकलेली बाई बोलावलं तरी येत नाही, कारण उखाणा घ्यायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. जिनं लग्नच केलं नाही तिला तर बोलावणंच नसतं. बौद्ध वस्तीतल्या बायकांनी ही कर्मकांडं १९५६ नंतर सोडली, त्या येत नाहीत. मुसलमान बायकांना कोणी विचारत नाही. आणि दलित सदस्या निवडून आली तर तिच्या घरच्या हळदीकुंकवाला वरच्या आळीतल्या बायकांना नेमकी त्या दिवशीच डोकेदुखी होते. घरगुती समारंभ असेल तर कोणाला बोलवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं एक वेळ म्हणता येईल. पण ज्या दिवशी तुम्ही सदस्या म्हणून, सरपंच म्हणून बोलावणं काढता, त्या दिवशी तुमची आमंत्रणाची यादी एकच असू शकते. मतदारयादी. त्या यादीत सवाष्ण, विधवा असा रकाना नाही. विधवेचं मत अर्धं मोजलं जात नाही. मग तिला जाजमाच्या कडेला का बसवायचं?

हे काही मी नवीन सांगत नाही. सावित्रीबाई फुल्यांनी जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांना बोलावलं, आणि सगळ्या एकाच जाजमावर बसतील, हळदीकुंकू लावताना जात पाहिली जाणार नाही, अशी अटच घातली. त्या काळात, पुण्यात! आणि आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाचं घ्या. त्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं हे आमच्या गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे ला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका ग्रामपंचायतीचा ठराव मुंबईपर्यंत पोचला. ठराव केला म्हणजे रीत लगेच सुटते असं नाही, हे आपण जाणतो. पण ठराव झालेल्या गावात एखादी विधवा जाजमावर येऊन बसली तर तिच्या पाठीशी ग्रामसभा उभी असते. तुमच्यापैकी ज्यांच्या गावांनी असा ठराव केला आहे त्यांनी यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी तो मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांच्या गावानं केलेला नाही त्यांनी तो मांडण्यासाठी तिथेच सह्या घ्या. समारंभाचं नावही बदलता येईल. तिळगुळाची बैठक म्हणा. तिळगूळ कोणालाही देता येतो.

आता कामाचं बोलू. बहुतेक वर्षी संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मध्ये २६ जानेवारी येते. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते. आणि आपल्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. म्हणजे बायका एकत्र येण्याचा सण आणि बायकांनी एकत्र बसून ठरवण्याचा कायदा, दोन्ही एकाच पंधरवड्यात. पण होतं काय? हळदीकुंकवाला तीनशे बायका. महिला सभेला सात, त्यातल्या तीन अंगणवाडीच्या, कारण त्यांना यावंच लागतं. बाकीच्या सह्या शिपाई दारोदार फिरून घेतो. "काकू, इथे सही करा, काही नाही, सभेचं आहे."

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ज्यांना गावाचा निधी आपापसांत ठरवायचा असतो ते पहिल्या सभेला लोक यावेत म्हणून धडपडत नाहीत. तहकूब सभेची वाट बघतात. मग पंधरा पुरुष पारावर बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. जिच्या हळदीकुंकवाला तीनशे बायका येतात, तिच्या शब्दावर शंभर बायका ग्रामसभेला येऊ शकत नाहीत का? निम्म्या आल्या तरी त्या पंधरा जणांचा बेत फसेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंदाच्या तिळगुळाच्या बैठकीत सदस्येनं दहा मिनिटं उभं राहून आपल्या कामाचा हिशेब द्यावा. भाषण नको, शेरोशायरी नको, साहेबांचे आभार नकोत. वहीत लिहून आणलेला हिशेब. त्यात काय असावं ते सांगते, लिहून घ्या.

पहिलं, हजेरी. मासिक सभा दर महिन्याला होते. वर्षभरात किती झाल्या, मी किती सभांना स्वतः गेले, नवरा किती सभांना गेला. हसू नका, हे सांगायला धीर लागतो. आणि त्या सभांत मी कोणता विषय मांडला.

दुसरं, पैसा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर वगैरे. त्यातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा उत्पन्न सहा लाख असेल तर साठ हजार झाले. ते कुठे गेले? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळतं की शिलाई मशीन घेतलं, ते एका घरी धूळ खात पडलं आहे, आणि उरलेले पैसे महिला दिनाच्या सत्कारात हारतुऱ्यांना गेले. आपल्याच पैशातून आपलाच सत्कार! तोच पैसा बाजाराच्या दिवशी बायकांना जाता येईल अशा मुतारीवर, कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या थांब्यावरच्या दिव्यावर खर्च झाला असता तर? हे ठरवायची जागा महिला सभा आहे. पण आधी आकडा कळला पाहिजे. तो आकडा सदस्येनं रोकडवहीवरून उतरवून आणायचा. दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचं तिकीट, आणि उत्तराची मुदत तीस दिवस.

तिसरं, झालेली कामं. चौथं, न झालेली कामं आणि ती का झाली नाहीत. हे चौथं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आपले पुढारी झालेल्या कामाचे फलक लावतात, न झालेल्या कामाचा फलक तुम्ही कुठे पाहिला आहे? पण मतदाराला उपयोगी पडते ती हीच माहिती. काम अडलं कुठे? पंचायतीत ठरावच झाला नाही, की ठराव झाला पण पंचायत समितीत कागद पडून आहे, की पैसे आले आणि दुसरीकडे वळले? हे कळलं की बायकांना कळतं, मोर्चा कुठे न्यायचा.

एका गावातली गोष्ट सांगते. पहिल्यांदाच निवडून आलेली, सातवी शिकलेली सदस्या. आमच्या सांगण्यावरून तिनं अशी बैठक घेतली. वाण म्हणून प्रत्येकीला एक पेन्सिल दिली, त्यावरून टोमणेही खाल्ले. हिशेब वाचून झाला आणि मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, "बाई, बाकी राहू दे. आमच्या आळीला पाणी रात्री दोनला येतं आणि वरच्या आळीला सकाळी सातला. असं का?" सदस्येला उत्तर माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि आठ दिवस मागितले. मग ग्रामसेवकाकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे गेली. तिथे कळलं की पाणी सोडायच्या वेळा कोणत्याही सभेत ठरलेल्याच नाहीत. झडपेची चावी ज्याच्याकडे, त्याच्या सोयीनं सगळं चाललं होतं. महिला सभेत चाळीस बायकांनी वेळापत्रकाचा ठराव केला, ग्रामसभेत तो झगडून मंजूर करून घेतला. आता एक आठवडा या आळीला सकाळी, एक आठवडा त्या आळीला. वरच्या आळीतल्या काही जणी तिच्याशी बोलत नाहीत. ती म्हणते, "बोलत नाहीत तर नाहीत, त्यांनाही पाणी येतंच की."

पाण्यावरून मुंबईच्या मृणालताई गोरे आठवतात. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या, आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या झगडल्या की लोकांनी त्यांना पाणीवाली बाई हेच नाव दिलं. प्रतिनिधी आणि मतदार बाई यांच्यातलं नातं नळावर जुळलं की ते टिकतं. त्याच मुंबईत महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जवळजवळ चार वर्षं गेली. एवढा काळ एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. पण गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, शुभेच्छांचे फलक एकाही वर्षी थांबले नाहीत. कोणी माजी, कोणी भावी. शुभेच्छा द्यायला पद लागत नाही हे त्यातून दिसलं. पद लागतं ते जाब विचारता येण्यासाठी, आणि तेच चार वर्षं नव्हतं.

अडचणी येणार, त्या मला माहीत आहेत. सदस्यांना नवरे म्हणतील, हिशेब मी सांगतो, तू तिळगूळ वाट. त्यांना शांतपणे सांगा, ही बायकांची बैठक आहे. हळदीकुंकवात पुरुष येत नाहीत ही रीत एरवी आपल्याला जाचते, या एका बाबतीत ती वापरून घ्या. पंचायतीतले लोक म्हणतील, आतल्या गोष्टी बाहेर कशाला सांगता? त्यांना सांगा, पंचायतीचं दप्तर गावाचं आहे, त्यात आतलं असं काही नसतं. आणि कृपा करून कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. सही कोऱ्या कागदावर आणि हिशेब भरलेल्या कागदाचा, असं झालं की सापडता तुम्ही, ज्यानं कागद भरला तो सुटतो.

मंडळातल्या बायकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. सदस्येनं डबा दिला नाही म्हणून तिला कंजूष म्हणू नका. तिच्या दारात वाण मागायला जाणारी जीभ आणि ग्रामसभेत टाळूला चिकटणारी जीभ एकच असते. ती हिशेब वाचताना अडखळली तर हसू नका. पुरुष सदस्य न अडखळता काहीच सांगत नाहीत, त्याला आपण कधी हसत नाही. तिला प्रश्न जरूर विचारा, कठीण विचारा, पण विचारून झाल्यावर तिला एकटी सोडू नका. झडपेच्या चावीसाठी ती भांडायला जाईल तेव्हा तिच्या मागे चाळीस जणी असल्या पाहिजेत. त्या सदस्येनं ते भांडण जिंकलं ते ती मोठी वक्ती होती म्हणून नाही, मागे चाळीस पदर खोचलेले होते म्हणून. आणि मतासाठी दिलेली वस्तू ही लाच आहे, कायद्यानं गुन्हा आहे, हे निवडणुकीच्या वर्षी दारात येणाऱ्या प्रत्येक पिशवीला सांगा.

आता जेवणाआधी एक काम करायचं आहे. इथे किती गावांतल्या सदस्या आहेत ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. प्रत्येक गावाच्या बायकांनी, सदस्या आणि मंडळ दोघींनी मिळून, इथेच गोल करून बसा. तिळगुळाची बैठक कोणत्या तारखेला, कोणाच्या अंगणात, ते ठरवा. महिला सभेची तारीख आणि वेळ कोणती हवी, तेही ठरवा आणि तसं पत्र पंचायतीला द्या. वेळ बायकांना जमेल अशी मागा, स्वयंपाकाच्या वेळेची नको. आणि बैठकीला आपल्या आळीतली जी बाई आजवर जाजमाच्या कडेला बसली, तिला बोलावणं द्यायला कोण जाणार, तिचं नाव लिहा. तो कागद माझ्याकडे देऊन मगच पंगतीला बसा. रथसप्तमी झाली की मी एकेका गावाला येऊन विचारणार आहे, काय ठरलं होतं आणि काय झालं.